घोड्याच्या पाठीवरचे वजन आणि स्वाराची प्रकृती

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा जवळ आली की नांदेड-लातूर भागात घोड्यांच्या बाजाराच्या गोष्टी सुरू होतात. घोडा घेणारा दात पाहतो, खूर पाहतो, भोवरे पाहतो, चार पावले चालवून चाल पाहतो. पण या घोड्यावर बसणार कोण, त्याचे वजन किती, त्याच्या कमरेत जोर किती, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वरातीत तर ऐंशी-पंचाऐंशी किलोचा नवरदेव आणि त्याच्यापुढे करवला अशी दोघांची स्वारी लहान चणीच्या घोड्यावर तासन्‌तास चाललेली आपण पाहतोच.

नांदेडकरांना घोडेस्वारी नवी नाही. सचखंड हुजूर साहिबचे घोडे आणि होला महल्ल्याच्या मिरवणुकीतील निहंग स्वारांचे कसब शहराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. अलीकडे मात्र घोडेस्वारीकडे खेळ म्हणून पाहणारी मुले-मुली वाढत आहेत. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताने घोडेस्वारीत सुवर्णपदके मिळवली. त्यानंतर थेट ४१ वर्षांनी, २०२३ साली चीनमधील हांगझोऊ येथे भारतीय संघाने ड्रेसाज या प्रकारात सुवर्णपदक जिंकले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. अशा बातम्या वाचून मुलांना उत्साह येतो आणि मग पहिला प्रश्न येतो, ‘माझे वजन किती असावे?’ या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराने घोड्याचेही नुकसान होते आणि स्वाराचेही. म्हणून आज या विषयाचा विचार करू.

घोडा किती वजन वाहू शकतो?

घोड्यांची पथके सांभाळणाऱ्यांनी अनुभवातून एक ठोकताळा बांधला आहे. स्वार, खोगीर आणि इतर सामान मिळून घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा, म्हणजे २० टक्क्यांपेक्षा, जास्त ओझे नसावे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात या ठोकताळ्याची परीक्षा झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के वजन लादून त्यांना धावायला लावले. १५ व २० टक्क्यांपर्यंत घोड्यांना विशेष त्रास झाला नाही. २५ टक्क्यांपासून हृदयाचे ठोके अधिक वाढू लागले आणि ३० टक्क्यांना स्नायू दुखावल्याची लक्षणे स्पष्ट दिसली.

२० टक्के म्हणजे ‘इतके लादाच’ असा परवाना नव्हे. ती वरची मर्यादा आहे. २०१८ साली इंग्लंडमध्ये सहा घोडे व वेगवेगळ्या वजनाचे चार स्वार घेऊन चाचण्या झाल्या. त्यांतील दोन जड स्वारांच्या सर्व चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या. बहुतेक वेळी कारण एकच होते, घोडा तात्पुरता लंगडू लागला. त्या दोघांपैकी एकाचे वजन घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आतच होते. खोगीर स्वाराच्या व घोड्याच्या मापाचे आहे का, यावरही बरेच अवलंबून असते, हे या अभ्यासातून पुढे आले.

टेपने घोड्याचे वजन

गावात घोडा तोलायचा काटा कुठून आणायचा? त्यासाठी शिंप्याची टेप पुरे. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, आलेल्या आकड्याला लांबीने गुणा आणि ११,८७७ ने भागा. येणारे उत्तर हे घोड्याचे अंदाजे वजन, किलोमध्ये.

उदाहरण घेऊ. घेर १६० सेंटिमीटर, लांबी १४० सेंटिमीटर. हिशेब केला की वजन येते सुमारे ३०२ किलो. त्याचा पाचवा हिस्सा झाला ६० किलो. त्यातून खोगीर, लगाम, रिकिबी यांचे सात-आठ किलो वजा करा. उरले ५२-५३ किलो. म्हणजे या घोड्यावर सत्तर किलोच्या माणसाने बसून शर्यत लावणे योग्य नाही. त्याने मोठ्या हाडापेराचा घोडा पाहावा. घोडा म्हातारा, अशक्त, फार कोवळ्या वयाचा किंवा नुकताच आजारातून उठलेला असेल तर मर्यादा आणखी खाली आणावी.

नुसता काटा पाहून भागत नाही

‘घोडा पळतो, माणूस नुसता बसतो, त्यात कसला व्यायाम?’ असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. घोडा साध्या चालीने चालत असताना स्वाराला झपझप चालण्याइतके श्रम पडतात आणि घोडा भरधाव सुटला की स्वाराचे श्रम धावणाऱ्या माणसाच्या बरोबरीला येतात. पोट, कंबर, पाठ आणि मांड्या यांचे स्नायू सतत काम करीत असतात.

दुडक्या चालीत प्रत्येक पावलाला घोड्याच्या पाठीवर स्वाराच्या वजनाच्या सुमारे दुप्पट दाब येतो. ज्याची कंबर बळकट आहे असा स्वार घोड्याच्या चालीबरोबर आपले अंग हलवून हा धक्का पचवतो. थकलेला किंवा कमकुवत स्वार पोत्यासारखा आदळतो, तोल जाऊ नये म्हणून लगाम ओढून धरतो आणि घोड्याचे तोंड व पाठ दोन्ही दुखावतो. म्हणून कसलेला ६५ किलोचा स्वार घोड्याला जितका सोसवतो, तितका ढिला ५५ किलोचा स्वार सोसवेलच असे नाही.

या खेळात स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात आणि वयाचेही बंधन फारसे आड येत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानचे हिरोशी होकेत्सु ७१ व्या वर्षी ड्रेसाजमध्ये उतरले होते. तब्येत राखली तर हा खेळ किती काळ साथ देतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

हलके होण्याचा हट्ट

शर्यतीच्या घोडेस्वारांचे, म्हणजे जॉकींचे, गणित वेगळे असते. मुंबईच्या महालक्ष्मी किंवा पुण्याच्या मैदानावर घोड्याने किती वजन घेऊन पळायचे हे आधी ठरलेले असते आणि जॉकीला खोगिरासह काट्यावर उभे राहावे लागते. वजन कमी भरले तर शिसे लावून ते पुरे करता येते. जास्त भरले तर स्वारी हातची जाऊ शकते. त्यामुळे जगभर जॉकी उपास करतात, वाफेच्या खोलीत घाम गाळतात, रबरी कपडे घालून धावतात. आयर्लंडमधील संशोधकांनी तपासले तेव्हा अशा अनेक तरुण जॉकींची हाडे वयाच्या मानाने ठिसूळ आढळली. ब्रिटनने तर २०२१ साली शर्यतीच्या मैदानांवरील वाफेच्या खोल्या कायमच्या बंद केल्या.

उड्या आणि ड्रेसाजच्या स्पर्धांत मात्र इतके हलके असण्याची अट नसते. उलट तीन दिवसांच्या इव्हेंटिंग स्पर्धेत पूर्वी खोगिरासह किमान ७५ किलो वजन भरावे लागे आणि हलक्या मुलींना शिसे बांधून घोड्यावर बसावे लागे. हा नियम १९९८ साली रद्द झाला. तेव्हा जॉकीचे पाहून प्रत्येक स्वाराने स्वतःला वाळवून घेण्याचे काहीच कारण नाही.

तरीही गावच्या शर्यतींत ‘पोरगा हलका पाहिजे’ म्हणून मुलांना उपाशी ठेवण्याचे प्रकार होतात. पालकांनी हे कदापि होऊ देऊ नये. शरीरातले पाणी कमी करून वजन घटवणे म्हणजे वजन कमी होणे नव्हे. पन्नास किलोच्या मुलाच्या अंगातून एक किलो पाणी गेले तरी त्याची ताकद आणि एकाग्रता घटते, डोके जड होते, निर्णयाला उशीर लागतो. भरधाव घोड्यावर हा उशीर जिवावर बेतू शकतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणे तर दुहेरी धोक्याचे. त्यांनी क्षार घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि उत्तेजकविरोधी नियमांनुसार या गोळ्यांवर सर्व खेळांत बंदी आहे. भूक मारण्यासाठी तंबाखू चघळणे हाही तसाच घातक मार्ग. मुलींच्या बाबतीत आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. कमी खाण्याने पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर शरीर अन्न मागते आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे.

वजन कमी करायचेच असेल तर

ज्यांचे वजन खरोखर जास्त आहे त्यांनी आठवड्याला अर्धा किलो या बेताने ते उतरवावे. रोजच्या खाण्यातून सुमारे ५०० कॅलरी कमी झाल्या की साधारण इतके साधते. म्हणजे पाच किलो उतरवायला अडीच महिने धरावेत. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात जागे होऊन उपयोग नाही.

आपला मराठवाड्याचा साधा आहार यासाठी उत्तम आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मोड आलेली मटकी, पालेभाजी, बेताची शेंगदाण्याची चटणी आणि ताक हे रोज असावे. ज्यांना चालते त्यांनी अंडी घ्यावीत. सकाळी सरावापूर्वी पोट अगदी रिकामे ठेवू नये. थोडी सुशीला किंवा पोहे किंवा एखादे केळे पुरे. कमी करायचे ते भजी-वडे, फरसाण, मिठाई आणि दिवसातून पाच-सहा वेळा होणारा गोड चहा. वाढत्या वयाच्या मुलांचे खाणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नये.

आपल्याकडच्या उन्हात पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. घाम फार गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे प्यावे. मार्चपासून सराव सकाळी लवकर उरकावा, ते घोड्यालाही बरे.

कोणता व्यायाम करावा?

घोड्यावर बसून सगळी ताकद येत नाही. ती जमिनीवर कमवावी लागते. आठवड्यातून चार-पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे किंवा धावणे दमासाठी करावे. सूर्यनमस्काराने पाठ व कंबर लवचिक राहते. बैठकांनी मांड्या बळकट होतात. कोपर व पायाच्या बोटांवर शरीर फळीसारखे सरळ धरून ठेवल्याने पोटाचे स्नायू घट्ट होतात. वीस सेकंदांपासून सुरुवात करून हळूहळू मिनिटापर्यंत जावे. तोलासाठी एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा.

आपला मल्लखांबही स्वाराला फार उपयोगी. त्याने धड, खांदे आणि मांड्यांच्या आतल्या बाजूचे स्नायू कसले जातात. मात्र मल्लखांबावरची पकड घोड्यावर जशीच्या तशी वापरू नये. गुडघ्यांनी घोडा आवळून धरला की स्वार खोगिरातून वर उचलला जातो आणि तोल सुटतो. पाय सैल, टाच खाली आणि कंबर मोकळी हे सूत्र ध्यानात ठेवावे.

घोड्याची भाषा

घोडा तक्रार करीत नाही, पण खुणा देतो. खोगीर चढवताना कान मागे टाकणे, चावायला येणे, पाठ दबवून घेणे, शेपटी सारखी झटकणे, पावलात आखूडपणा येणे ही दुखण्याची लक्षणे असू शकतात. स्वारीनंतर खोगीर काढून कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी हळूहळू दाबत जावे. घोडा दचकला तर त्या दिवसाचे ओझे किंवा खोगीर त्याला जड गेले असे समजावे. विश्रांतीत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत पशुवैद्यक ठोके ६४ पर्यंत उतरतात की नाही हे तपासूनच घोड्याला पुढे सोडतात. सरावानंतर बराच वेळ ठोके व धाप उतरत नसेल तर पशुवैद्यकाला बोलवावे.

पडण्याची तयारी

कसलेला स्वारही कधी ना कधी पडतो. म्हणून हनुवटीखाली पट्टा बांधलेले, घोडेस्वारीसाठीचे टणक शिरस्त्राण घातल्याशिवाय कोणीही घोड्यावर बसू नये. फेटा किंवा टोपी त्याची जागा घेऊ शकत नाही. पडलेला माणूस मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल तर त्याला उचलून बसवू नये. मान स्थिर ठेवून वाहन बोलवावे. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी, विसरल्यासारखे बोलणे, एका बाजूला अशक्तपणा यांपैकी काहीही दिसले तर तत्काळ रुग्णालय गाठावे. ‘जरा पडून राहू दे’ म्हणू नये.

शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या शेणात व पागेतील मातीत असतात. पागेत काम करणाऱ्या आणि घोड्यावर बसणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताची लस पूर्ण घेतलेली असावी व दर दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी केली की ही सोय होते.

थोडक्यात, स्वारीला निघण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. खोगिरासह आपले वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत आहे का? आपण पोटभर, नीट खाऊन-पिऊन आणि व्यायाम करून ते राखले आहे का? घोड्याची पाठ आज दुखत तर नाही ना? तिन्हींचे उत्तर समाधानकारक असेल तर खुशाल रिकिबीत पाय घालावा. नसेल तर त्या दिवशी घोड्याला चरू द्यावे आणि आपण मैदानाला चार फेऱ्या माराव्यात. दोघांच्याही तब्येतीला ते हिताचे आहे.