पुस्तक, वाचक आणि मुक्ती : एका पाठाची मांडणी

इतिहासाच्या तासाला अमेरिकेतील गुलामीचा विषय निघाला आणि ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीचे नाव फळ्यावर लिहिले, की एक प्रश्न हमखास येतो : “सर, नुसत्या पुस्तकानं गुलामी संपली का?” प्रश्न विचारणारी मुले जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवरून आलेली असतात. त्यांच्या घरी पुस्तके थोडी आणि कष्टांच्या आठवणी पुष्कळ. ‘हो’ म्हटले तर ती पुस्तकाला जादू समजतील. ‘नाही’ म्हटले तर वाचनावरचा त्यांचा विश्वास उडेल. म्हणून हे उत्तर आम्ही मुलांकडूनच चार तासिकांत शोधून घेतो. माजी विद्यार्थ्यांना हा पाठ आपल्या मुलांना शिकवता यावा आणि पालकांना त्यातील आपला वाटा कळावा, या हेतूने तो येथे मांडीत आहोत.

पहिली तासिका कादंबरीची. १८५० साली अमेरिकेत पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याचा कायदा कडक करण्यात आला. ज्या उत्तरेकडील राज्यांत गुलामी नव्हती, तेथील नागरिकांवरही धरपकडीस साहाय्य करण्याचे बंधन आले. हॅरिएट बीचर स्टो यांचे तान्हे मूल त्याआधीच्या वर्षी पटकीने दगावले होते. ज्या आईचे मूल बाजारात विकले जाते तिला काय वाटत असेल, हे आपल्याला त्या दुःखातून उमगले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. जून १८५१ पासून त्यांची कथा एका साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली आणि मार्च १८५२ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली. पहिल्या वर्षात एकट्या अमेरिकेत तिच्या सुमारे ३ लाख प्रती खपल्या. कुटुंबे ती एकत्र बसून वाचीत; तिची नाटके झाली. उत्तरेच्या वाचकाला गुलामी तोवर कायद्याची आणि किमतीची बाब वाटत होती. मुलाला कवटाळून गोठलेल्या नदीवरून पळणारी एलायझा वाचल्यावर ती त्याच्या घरातली बाब झाली. गुलामीच्या समर्थकांनी कादंबरी खोटी ठरविली, तेव्हा स्टो यांनी १८५३ मध्ये आधारभूत कागदपत्रांचे स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. कथेने मन हलते, पण पुराव्याने ते ठाम होते, ही गोष्ट मुलांच्या येथे ध्यानात येते.

याच तासिकेत एक सावधगिरीही शिकवितो. युद्ध पेटविणारी बाई ती हीच काय, असे अब्राहम लिंकन स्टो यांना म्हणाल्याची आख्यायिका अनेक पुस्तकांत आढळते. १८६२ मध्ये दोघांची भेट झाली हे खरे. परंतु त्या उद्गाराला त्या काळचा लेखी आधार नाही, तो कित्येक दशकांनंतर छापला गेला. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून काही मानू नये, हा कालाम सुत्ताचा उपदेश मुले वंदनेच्या वेळी ऐकतात. इतिहासाच्या वहीत तो असा उतरतो.

दुसऱ्या तासिकेला फळ्यावर दोन रकाने आखतो : ‘पुस्तकाआधी’ आणि ‘पुस्तकानंतर’. पहिल्या रकान्यात १८३१ पासून निघणारे गॅरिसन यांचे गुलामीविरोधी वृत्तपत्र येते. स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आणि जोसाया हेन्सन यांचे १८४९ चे आत्मकथन येते. दुसऱ्या रकान्यात १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध, १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा, उत्तरेच्या सैन्यात लढलेले सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक आणि डिसेंबर १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती. कादंबरी मधल्या रेषेवर राहते. तिच्याआधी पीडितांनी स्वतः सांगितले होते आणि तिच्यानंतर पीडित स्वतः लढले, हे मुले न सांगता ओळखतात.

तिसरी तासिका कठीण. कादंबरीच्या शेवटी एलायझाचा पती जॉर्ज आपल्या कुटुंबासह आफ्रिकेतील लायबेरियाला जाण्याचे ठरवितो. गुलाम मुक्त व्हावा असे लेखिकेला मनापासून वाटले. तो आपल्या शेजारी बरोबरीने नांदेल, असे चित्र मात्र त्यांना रंगविता आले नाही. निमूटपणे सोसणाऱ्या टॉमचे नाव तर पुढे कृष्णवर्णीयांमध्येच टोमणा म्हणून वापरले गेले. दयेने साखळी तुटू शकते, पण पंगतीत जागा मिळतेच असे नाही. हे वाक्य आमच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

येथून आम्ही पुण्यात येतो. १८५५ साली महात्मा फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ मध्ये छापला गेला. टॉमकाकाची कथा दुसऱ्याने सांगितली होती. मुक्ताने आपल्या लोकांची व्यथा आपणच लिहिली. १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ सिद्ध केली आणि निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ती अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यामागची आशा. परंतु ग्रंथ दया मागत नाही. जोतीराव आणि धोंडीराव यांच्या प्रश्नोत्तरांतून तो वाचकाला विचार करायला लावतो. ग्रंथावर १ जून ही तारीख आहे, आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. ग्रंथापाठोपाठ संघटना उभी राहिली.

ती संघटना जुन्नर तालुक्यातही पोहोचली. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी जोशांना न बोलाविता लग्ने लावली, तेव्हा ग्रामजोशांनी हक्काचा दावा लावला आणि तो मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. ओतूरचे नाव ऐकताच वर्गात चुळबुळ होते; आठवडी बाजाराचे आपले गाव इतिहासात कसे, याचे मुलांना नवल वाटते. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या वेठीविरुद्ध विधेयक मांडले. १९४६ मध्ये ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ त्यांनी जोतीरावांच्या स्मृतीस अर्पण केला. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली, आणि वेठबिगार निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा १९७६ मध्ये झाला. मुले या दोन अर्पणपत्रिका एकाखाली एक लिहितात. वाचक पुढे लेखक झाला आणि लेखक कार्यकर्ता झाला, हे त्यांना तेथे दिसते.

चौथी तासिका घराची. उपासकाने टाळावयाच्या पाच व्यापारांत भगवान बुद्धांनी प्राण्यांचा व्यापार, म्हणजे ‘सत्तवणिज्जा’, सांगितला आहे. माणसांची खरेदी-विक्री त्यातच येते. मग आम्ही विचारतो : उचल फिटेपर्यंत ज्याला वीटभट्टी सोडता येत नाही, तो मोकळा आहे काय? आजोबांच्या वाट्याला वेठ आली होती काय? सालगडी म्हणून कोणी राबले काय? एकदम शांतता पसरते. “आमच्याकडं असलं काही नव्हतं,” असे काही मुले घाईने सांगतात. पूर्वी आम्ही अशा मुलांना खोदून विचारीत असू. ती आमची चूक होती. लाज वाटते ती सोसणाऱ्याच्या घराला, लादणाऱ्याच्या नव्हे. ही उलटी रीतही गुलामीचाच अवशेष आहे, हे आम्हांला उशिरा कळले. आता उत्तर द्यावे अशी सक्ती नाही. मुलाने हवे तर ‘एक माणूस होता’ अशी सुरुवात करून लिहावे. कित्येकदा दुसऱ्या पानावर तो ‘एक माणूस’ ‘माझे आजोबा’ होतो.

पालकांना विनंती एवढीच, की दिवाळीच्या सुट्टीत लेकराने वही-पेन घेऊन काही विचारले, तर “कशाला त्या जुन्या गोष्टी” असे म्हणू नका. काय काम होते, किती धान्य मिळे, कोणाच्या दारात उभे राहावे लागे, आणि ते कधी व कसे थांबले, हे सांगा. विशेषतः कसे थांबले ते सांगा. “नुसत्या पुस्तकानं संपली का?” या प्रश्नाचे उरलेले उत्तर आमच्या ग्रंथालयात नाही, ते आपल्या घरात आहे. मुलांनी ते लिहून आणले, की वर्गात वाचण्यासाठी आम्ही एक तासिका राखून ठेवली आहे.