टाकाऊ कागदातून बोरघाटाचा देखावा

उद्देश : बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्याचा कमाल चढ ३७ स १ आहे. हा आकडा विद्यार्थ्यांस पाठ होतो, परंतु उमजत नाही.

साहित्य : जुनी वर्तमानपत्रे, पुठ्ठ्याची खोकी, जाड दोरा, लाकडाचा भुसा, गव्हाच्या पिठाची खळ, रंग.

कृती : १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर असे प्रमाण घ्यावे. पुठ्ठ्याची १११ सेंटिमीटर लांब पट्टी कापून एक टोक ३ सेंटिमीटर उचलावे. हाच तो चढ. तीवर दोऱ्याचे रूळ १.७ सेंटिमीटर अंतराने चिकटवावेत. डोंगरासाठी कागदाचे बोळे रचून त्यांवर खळीत भिजविलेल्या कागदाचे तीन थर द्यावेत व पूर्ण वाळू द्यावेत. बटाट्याच्या ठशाने दगडी भिंतीचा कागद छापून तो बोगद्याच्या तोंडाशी लावावा. हिरवा रंगविलेला भुसा गवत म्हणून पेरावा.

चर्चा : विद्यार्थी बहुधा पट्टी फार उभी करतात. शिक्षकांनी ती लगेच सुधारू नये. ‘आगगाडी हा चढ चढेल काय?’ असे विचारावे. बोगदे व पूल का लागले, हे मग विद्यार्थीच सांगतील. हा घाट बांधताना हजारो मजूर मृत्युमुखी पडले, हेही अवश्य सांगावे. गवत कमी पडले तरी चालेल. ही माहिती राहून जाऊ नये.