फेरशस्त्रक्रियेचा फैसला

स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया करवून घेतलेल्या स्त्रिया पुण्या-मुंबईत आता विरळा राहिलेल्या नाहीत. तथापि त्या शस्त्रक्रियेचा परिणाम मनासारखा उतरला नाही, किंवा प्रथम मनासारखा उतरून पुढे बिघडला, तर पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे की आहे ते तसेच राहू द्यावे, या प्रश्नाविषयी मोकळेपणाने बोलणारी स्त्री मला गरज होती तेव्हा एकही भेटली नाही. पहिली शस्त्रक्रिया बहुतेक जणी गुपचूप करवून घेतात. माहेरी कळवलेले नसते, सासरी तर नसतेच. आणि मग दुसरीचा विचार करण्याची वेळ आली म्हणजे ज्या निर्णयाला चार माणसांचे शहाणपण लागावे तो एकटीने, आरशासमोर, घर निजल्यावर घेतला जातो. दोन बाळंतपणांनंतर मी करवून घेतलेल्या शस्त्रक्रियेचा मला पश्चात्ताप नाही. परंतु तिच्या पाठोपाठ जो दुसरा निर्णय मला करावा लागला त्यात जे कळले ते या वाटेवर उभ्या असलेल्या इतर स्त्रियांच्या उपयोगी पडावे, एवढ्याचसाठी हे लिहीत आहे.

फेरशस्त्रक्रिया ही पहिल्या शस्त्रक्रियेची किरकोळ डागडुजी होय, अशी जी समजूत रुग्णाच्या मनात असते आणि कित्येकदा रुग्णालयाकडूनही जोपासली जाते, ती प्रथम सोडून द्यावी. पहिल्या वेळी शल्यविशारदाला न दुखावलेल्या ऊती मिळतात. दुसऱ्या वेळी त्याच जागी व्रणाचे तंतू असतात, इम्प्लांटच्या भाराने ताणून पातळ झालेली त्वचा असते, आणि रक्तपुरवठाही पूर्वीइतका भरवशाचा उरलेला नसतो. त्यामुळे दुसऱ्या शस्त्रक्रियेचा परिणाम आधी वर्तवणे अधिक कठीण जाते, आणि तिच्यानंतर तिसरीची पाळी येणारच नाही अशी हमी कोणताही प्रामाणिक सर्जन देत नाही. हे ध्यानी घेऊन मी माझ्यापुरता एक दंडक घालून घेतला: आपली तक्रार विशेषणे न वापरता एका वाक्यात कागदावर लिहावी, आणि ती शरीराची आहे की नजरेची, हे त्याखाली स्पष्ट नमूद करावे. दोहोंचा निकाल एकाच न्यायाने लागत नाही.

नजरेच्या तक्रारीला मुदत द्यावी लागते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत स्तन वर चढलेले आणि ताठ दिसतात. एका बाजूची सूज दुसरीहून अगोदर उतरते. इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली बसवलेले असेल तर तो स्नायू सैलावेपर्यंत ते आपल्या जागी उतरतच नाही. या घडामोडीला कित्येक महिने लागतात, आणि याच कारणास्तव जाणते सर्जन केवळ आकार, उंची वा असमानता यांविषयीच्या तक्रारीवर सहा महिने ते वर्षभर लोटल्यावाचून पुन्हा हात घालत नाहीत. माझी डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर वर दिसत असे. ज्या रुग्णालयात माझी शस्त्रक्रिया झाली तेथील समुपदेशक बाईंनी, अद्याप सूजही पुरती ओसरलेली नसताना, "मॅडम, याच महिन्यात करून टाकलंत तर डॉक्टरांची फी लावणार नाही, आणि करतोच आहोत तर साइझही थोडी वाढवून घ्या," अशी तजवीज माझ्यापुढे ठेवली. मी मुदत मागून घेतली, आणि वर्ष सरता सरता तो फरक इतका कमी झाला की मुद्दाम शोधल्याखेरीज माझा मलाच दिसेना. दोन्ही स्तन तंतोतंत सारखे असलेली स्त्री जवळजवळ नसतेच. शस्त्रक्रियेपूर्वीची छायाचित्रे काढून पाहिली म्हणजे आज खुपणारी असमानता कित्येकदा मूळचीच असल्याचे आढळते. राहिला मोठ्या आकाराचा मोह. त्याविषयी मी निक्षून सांगेन की वजन वाढले म्हणजे त्वचा आणखी ताणते, इम्प्लांट खाली ओघळण्याचा संभव वाढतो, आणि त्याची कड व सुरकुत्या कातडीखालून हाताला लागू लागतात. एका तक्रारीच्या निवारणासाठी केलेला खर्च अशा रीतीने दुसऱ्या तक्रारीच्या खाती जमा होतो.

शरीराच्या तक्रारीला मात्र अशी मुदत नसते. ताप, एकाच बाजूला पसरत जाणारी लाली व ठणका, शस्त्रक्रियेनंतर काही तासांत वा एक-दोन दिवसांत एकीकडेच झपाट्याने चढणारी सूज, टाक्यांतून झिरपणारे पाणी वा पू, जखम उकलणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी सर्जन गाठावा. तेथे संकोच करणे जिवावर बेतू शकते. तसेच, कित्येक वर्षे स्वस्थ गेल्यावर एखादी बाजू अकस्मात सुजली, तर "मार लागला असेल" म्हणून शेकत बसू नये. इम्प्लांटभोवतीच्या आवरणात उद्भवणारा एक विरळ लिम्फोमा असतो, त्याचे हेच पहिले लक्षण असू शकते. अशा वेळी साचलेला द्रव सुईने काढून तपासणीस पाठवावा, असा आग्रह रुग्णाने स्वतः धरावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या आजाराचा इशारा प्रथम २०११ साली दिला, आणि खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी त्याचा संबंध दृढ होत गेल्यावर ॲलर्गन कंपनीने आपली बायोसेल जातीची इम्प्लांट २०१९ च्या जुलैत जगभरातून परत मागवली. तथापि याच प्रशासनाचे मत असे की लक्षण काही नसेल तर केवळ भीतीपोटी तीही काढून टाकण्याचे कारण नाही. लक्षणांवर नजर ठेवावी. वेळीच ध्यानी आलेला हा आजार बहुधा इम्प्लांट व त्याभोवतीचे आवरण समूळ काढल्याने आटोक्यात येतो.

माझी खरी तक्रार पुढे उद्भवली. डाव्या कुशीवर निजले की छातीखाली काही घट्ट वस्तू आल्यासारखे वाटे. मग हाताला फरक कळू लागला, उजवीकडे बोट सहज दबे आणि डावीकडे अडे. आणि काही काळाने डावा स्तन गोलसर, वर ओढल्यासारखा दिसू लागला. याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. ते का होते, हे एका जुन्या वृत्तान्ताशी ताडून पाहता नीट उमगते. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक पुण्यास एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून पुन्हा घडवल्याचा वृत्तान्त छापून आला होता. पुणेकरांना त्याचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. परंतु ते नाक कावसजीच्याच मांसाचे होते. सिलिकॉनचे इम्प्लांट, जे ह्यूस्टन येथे १९६२ साली क्रोनिन व गेरो या सर्जनांनी प्रथम एका स्त्रीच्या शरीरात बसवले, ते शरीराला कायमचे परके असते, आणि प्रत्येक परक्या वस्तूभोवती शरीर तंतूंचे आवरण विणते. हे आवरण पातळ राहिले तर कोणाला कळतही नाही. ते आकसू लागले म्हणजे आतील मऊ इम्प्लांट आवळून कठीण होते. सर्जन त्याच्या चार पायऱ्या मानतात: पहिलीत सर्व काही मऊ; दुसरीत हाताला किंचित कठीण; तिसरीत कठीणही आणि आकारही बिघडलेला; चौथीत त्यात वेदनेची भर. पहिल्या दोहोंना सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. माझी डावी बाजू तिसरीवर होती.

हे मला ज्यांनी सांगितले ते माझे पहिले सर्जन नव्हेत. फेरशस्त्रक्रियेचा सल्ला ज्याने पहिली केली त्याच्याकडून अवश्य घ्यावा, परंतु फैसला त्या एकट्याच्या मतावर करू नये; ज्याचा त्या कामात काहीही हितसंबंध गुंतलेला नाही अशा दुसऱ्याला दाखवावे, आणि जाण्यापूर्वी त्याने प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. वा डीएनबी केले आहे ना, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या पटावर त्याचे नाव आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण 'कॉस्मेटिक' ही पाटी कोणीही लावतो. मी मुंबईच्या एका वयस्क सर्जनबाईंकडे गेले. त्यांनी मला प्रथम बसवून, कमरेवर हात ठेवायला लावून, मग हात वर करायला लावून नुसते पाहिले. गळ्याखालच्या खळीपासून स्तनाग्रापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप धरून सेंटिमीटरचे आकडे लिहिले. वरच्या भागाची कातडी चिमटीत धरून तिची जाडी मोजली. मग आडवे निजवून चारही बोटे सपाट ठेवून दाबून पाहिले. एवढे सारे होईपर्यंत शस्त्रक्रियेचा शब्द त्यांनी काढला नाही. ज्या तपासणीत मोजमाप होत नाही आणि पहिल्या पाच मिनिटांत तारीख सुचवली जाते, तेथून फाईल उचलून निघावे, असे मी त्या दिवसापासून सांगत आले आहे.

मी विचारलेला सर्वांत उपयोगी प्रश्न हा होता: काहीच केले नाही तर काय होईल? बाईंनी उत्तर दिले की जिवाला धोका नाही. कठीणपणा वाढेल किंवा आहे तेथे थांबेल. दुखू लागले तर मात्र फार काळ ढकलता येणार नाही. म्हणजे घाई नव्हती, आणि घाई नाही हे कळल्यावरच माझे डोके नीट चालू लागले. त्यांनी सांगितलेले मार्ग तीन. आवरण काढून, स्नायूखाली नवी जागा करून नवे इम्प्लांट बसवावे. किंवा इम्प्लांट काढून टाकावे आणि हवे तर त्वचा वर ओढून घ्यावी. किंवा आहे तसे ठेवून तपासणी करत राहावे. पहिल्या मार्गाविषयी त्यांनी आपण होऊन बजावले की ज्या बाजूला एकदा आवरण आकसले तेथे ते पुन्हा आकसण्याचा संभव नवख्या रुग्णापेक्षा अधिक असतो. माझ्या पहिल्या रुग्णालयाने दुसरा मार्ग कधी उच्चारलाच नव्हता. इम्प्लांट मुळीच नको, हा पर्याय ज्या चर्चेत येत नाही ती चर्चा अपुरी समजावी.

या भेटीस मी माझ्या थोरल्या बहिणीला बरोबर नेले होते. तिला तोवर काही ठाऊक नव्हते, सांगितल्यावर ती काही वेळ रागावली, मग उठून म्हणाली, "कधी जायचंय?" जो प्रश्न मला सुचला नव्हता तो तिने विचारला: "बाई, आमच्या मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता. हिच्या मॅमोग्राफीला याची अडचण येईल का?" इम्प्लांटमुळे छायाचित्रात स्तनाच्या ऊतीचा काही भाग झाकला जातो, म्हणून इम्प्लांट मागे सारून निराळी चित्रे घ्यावी लागतात, आणि आवरण कठीण झाले असेल तर ते मागे सरकत नाही. चाळिशी उलटलेल्या, घरात तो आजार असलेल्या स्त्रीला हे कारण आकाराच्या साऱ्या विचारांहून वजनदार होते. मी दोन्ही इम्प्लांट काढून घेतली, आणि डावीकडचे आवरण तपासणीस पाठवले. त्यात काही वावगे निघाले नाही. आता स्तन सैल आहेत, पूर्वीहून सपाट आहेत, खालच्या वळीत व्रण आहेत. पहिले काही आठवडे ते पाहणे जड गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु मी डाव्या कुशीवर निजते. दुसऱ्या एखादीची त्वचा, वय, घराण्यातील आजार, मनाची ओढ वेगळी असेल आणि ती नवे इम्प्लांट घेईल. तिचा निर्णय माझ्या निर्णयापेक्षा उणा ठरत नाही, मात्र तिने तो या सर्व गोष्टी पुढ्यात घेऊन केलेला असावा.

खर्चाविषयी थोडक्यात. "फी लावणार नाही" याचा अर्थ बहुधा सर्जनचा मोबदला माफ एवढाच असतो; भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, नवे इम्प्लांट, औषधे यांचा आकार वेगळा पडतो, तो लेखी मागावा. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते, आणि तिच्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा दावाही वादात अडकण्याचा संभव असतो. सिलिकॉनचे इम्प्लांट फाटले तरी बाहेरून कळत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी प्रथम आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी वा एमआरआय करावा असा अमेरिकन प्रशासनाचा सल्ला आहे, आणि इम्प्लांट जन्मभर टिकणारी वस्तू नव्हे, हा ठळक चौकटीतील इशारा त्यांनी २०२१ पासून इम्प्लांटच्या माहितीपत्रकात बंधनकारक केला आहे. नवे इम्प्लांट घेणारीने या तपासण्याही हिशेबात धराव्यात.

संमतिपत्राकडे विशेष लक्ष द्यावे. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये असा निवाडा दिला की तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेस लागू होत नाही, आणि रुग्ण प्रौढ व सक्षम असता, जिवावरचा प्रसंग नसेल तर, ती भुलेखाली असताना नातेवाइकांच्या संमतीवर काम पुढे रेटता येत नाही. फेरशस्त्रक्रियेत सर्जनला आत काय सापडेल हे पुष्कळदा उघडल्यावरच कळते; म्हणून इम्प्लांट फाटलेले निघाले तर काय, ऊती फार पातळ निघाल्या तर नवे बसवायचे की नाही, हे आधी बोलून कागदावर लिहवून घ्यावे. मी तसे लिहवून घेतले आणि बाईंनी त्याला हरकत घेतली नाही.

शेवटी दप्तराची गोष्ट, जी मला सर्वांत अधिक नडली. माझे इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, गुळगुळीत की खडबडीत, किती सीसीचे, स्नायूच्या वर की खाली, हे दुसऱ्या सर्जनला हवे होते, आणि पहिले रुग्णालय आज देतो, उद्या देतो करत राहिले. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितलेले कागद ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हा हवाला देऊन लेखी अर्ज केला तेव्हा ते मिळाले. परंतु त्याच संहितेत दप्तर जतन करण्याची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांची आहे, आणि इम्प्लांटच्या तक्रारी पुष्कळदा त्यानंतर येतात. ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे त्यांनी, आज काही त्रास असो वा नसो, इम्प्लांटचे कार्ड, शस्त्रक्रियेचा लेखी वृत्तान्त आणि आधीची छायाचित्रे यांच्या नकला याच आठवड्यात अर्ज करून मागून घ्याव्यात.