टीव्हीवरचा टॉवर आणि खरा टॉवर

क्रिकेटची मॅच नसेल त्या रात्री हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये रिमोट ज्याच्या हातात असतो, तो फिरून फिरून विमान अपघाताच्या एखाद्या कार्यक्रमावर येऊन थांबतो. मग सगळे गप्प. पडद्यावर काचेचा उंच टॉवर, हेडफोन लावलेला एक घामाघूम माणूस, समोर हिरवा रडार, आणि तो ओरडतोय, "पुल अप! पुल अप!" आपल्याला वाटतं, एअर ट्रॅफिक कंट्रोल म्हणजे हेच. खरं तर यातल्या बऱ्याच गोष्टी दिग्दर्शकाच्या सोयीच्या आहेत.

पहिली गोष्ट जागेची. काचेच्या टॉवरमधला कंट्रोलर मुख्यतः धावपट्टी आणि तिच्या आसपासचं बघतो, आणि त्याचं मोठं हत्यार म्हणजे त्याचे डोळे. विमान दूर गेलं की ते दुसऱ्याच्या ताब्यात जातं. हा दुसरा माणूस खिडकी नसलेल्या खोलीत स्क्रीनसमोर बसलेला असतो. आपल्या सांगलीच्या डोक्यावरून उंचावर जाणारं विमान मुंबईच्या हद्दीत येतं, आणि मुंबईच्या ज्या कंट्रोलरशी त्याचं बोलणं चालू असतं त्याला ते विमान प्रत्यक्ष कधीच दिसत नाही. टीव्हीला मात्र एकाच माणसाकडून सगळं करून घ्यायचं असतं, कारण दोन नटांचे पैसे कोण देणार!

दुसरी गोष्ट रडारची. स्क्रीनवर ठिपका दिसला म्हणजे सगळं कळलं, असा आपला समज असतो. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीवर काय झालं ते बघा. दिल्लीहून उडालेलं सौदी अरेबियाचं बोइंग 747 वर चढत होतं, कझाकस्तानचं इल्युशिन 76 दिल्लीकडे खाली उतरत होतं. सौदी विमानाला 14,000 फुटांपर्यंतची परवानगी होती, कझाक विमानाला 15,000 फुटांपर्यंतची. मध्ये हजार फूट अंतर, नियमाप्रमाणे बरोबर. पण कझाक विमान 15,000 च्याही खाली गेलं. दोन्ही विमानांतले मिळून 349 जण गेले. आकाशात विमानांची टक्कर होऊन एवढी माणसं दुसऱ्या कुठल्याच अपघातात गेलेली नाहीत.

आता प्रश्न असा की कंट्रोलरला ते खाली जाताना दिसलं कसं नाही? दिसणं शक्यच नव्हतं. दिल्लीला तेव्हा वापरात असलेला रडार प्रायमरी होता. म्हणजे लहर पाठवायची, ती आदळून परत येते, त्यावरून अंतर आणि दिशा काढायची. उंची त्यात कळत नाही. उंची कळायला सेकंडरी रडार लागतो, त्यात विमानातला ट्रान्सपाँडर स्वतःच उत्तर देतो. त्या रात्री कंट्रोलरला उंची फक्त वैमानिकाच्या तोंडूनच कळत होती. शिवाय येणारी आणि जाणारी विमानं एकाच मार्गाने सोडली जात होती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर मार्ग वेगळे झाले, सेकंडरी रडार आला, आणि समोरच्या विमानाची सूचना देणारं टीकॅस हे यंत्र सक्तीचं झालं. पडद्यावर "चूक कोणाची" यावर तासभर जातो. प्रायमरी आणि सेकंडरीतला फरक सांगायला दोन मिनिटं पुरतात, आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे.

तिसरी गोष्ट बोलण्याची, आणि इथे आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी कान द्यावा. पडद्यावर वैमानिक आणि टॉवर फोनवर बोलल्यासारखे एकमेकांना तोडत बोलतात. प्रत्यक्षात एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बटण दाबलं की तुमचं ऐकणं बंद. विमानांचा हा व्हीएचएफ पट्टा 118 ते 137 मेगाहर्ट्झचा, आणि मॉड्युलेशन आजही एएम! एफएमचा आवाज चांगला असूनही एएम का, हा व्हायव्हात विचारण्यासारखा प्रश्न आहे. एफएममध्ये दोघे एकदम बोलले तर जोरकस सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. एएममध्ये दोन कॅरिअरच्या फरकाची शिट्टी ऐकू येते, म्हणजे निदान दोघे बोलले एवढं तरी कळतं.

अर्थात शिट्टी कळून भागतंच असं नाही. 27 मार्च 1977 ला टेनेरिफ बेटावर धुक्यात केएलएमचं विमान धावायला लागलं होतं. टॉवर "थांबा" म्हणत होता, आणि त्याच वेळी पॅन अॅमचं विमान "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत" म्हणत होतं. केएलएमच्या कानात गेली ती शिट्टी. 583 माणसं गेली. त्यानंतर शब्दांची शिस्त कडक झाली. 'टेकऑफ' हा शब्द आता प्रत्यक्ष उडायची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात, एरवी 'डिपार्चर' म्हणतात. सूचना मिळाली की वैमानिकाने ती परत म्हणून दाखवायची. 'रॉजर' म्हणजे होकार नव्हे, फक्त "ऐकलं". आणि पडद्यावरचं लाडकं 'ओव्हर अँड आउट' तर साफ चूक. 'ओव्हर' म्हणजे उत्तर द्या, 'आउट' म्हणजे बोलणं संपलं. दोन्ही एकदम कसं चालेल?

आता लहान विमानं. सिनेमात सेस्नाचं इंजिन खोकलं की ते दगडासारखं खाली येतं. खरं सेस्ना 152 इंजिन बंद पडल्यावर घसरगुंडीसारखं तरंगत येतं. एक फूट खाली येईपर्यंत साधारण नऊ फूट पुढे जातं. हिशेब करा: विश्रामबागेवर 3000 फुटांवर इंजिन बंद पडलं तर वारा नसताना आठ किलोमीटर, म्हणजे मिरजेच्या पलीकडचं रान गाठता येईल. (ऊस उभा असेल तर पंचाईत, मोकळं सपाट रान शोधावं लागेल.) 'स्टॉल' हा शब्दही असाच बदनाम झालाय. वैमानिक स्टॉल म्हणतो तेव्हा इंजिनाशी संबंध नसतो. पंखाचा हवेशी कोन फार वाढला की वरची हवा पंख सोडते आणि लिफ्ट कोसळते, त्याला स्टॉल म्हणतात. म्हणून इंजिन बंद पडल्यावर घाबरून नाक वर ओढलं तर खरं संकट सुरू होतं. शिकाऊ वैमानिकाला नाक खाली ठेवून वेग राखायचं सुरुवातीपासून घोटून शिकवतात.

25 जुलै 2022 ला बारामतीहून उडालेलं असंच एक सेस्ना 152 इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात उतरलं. आत एकटी विद्यार्थिनी होती. "विमान कोसळलं" अशा बातम्या झाल्या. विमानाचं नुकसान झालं खरं, पण मुलगी किरकोळ जखमांवर वाचली. ताकद गेलेलं विमान शेतापर्यंत आणणं आणि विमान कोसळणं यात फरक आहे, तो बातमी देणाऱ्याने करायला हवा.

ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या विश्रामबागेत आहे, त्या वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये बंगलोरला विमानांचा कारखाना काढला, हे आपल्याला पहिल्या वर्षीच ऐकवतात. कंट्रोलरच्या नोकरीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. एअरपोर्ट्स अॅथॉरिटी ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह या पदासाठी परीक्षा घेते. बीएस्सीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं, इंजिनिअरिंगवाल्यांना कुठल्याही एका सेमिस्टरला हे दोन विषय असले तरी चालतात. परीक्षेनंतर आवाजाची चाचणी आणि मेडिकल. ट्रेनिंग प्रयागराजला असतं, आपल्या महाराष्ट्रात गोंदियालाही संस्था आहे. ब्रँचची अट नाही, त्यामुळे सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांनीही जाहिरातीवर लक्ष ठेवावं.