खोगीर चढविण्यापूर्वीं

पोळ्याच्या आदल्या दिवशीं आपण बैलांचे खांदे तूपहळद लावून शेकतों. जुवाखालीं खांदा सोलला तर हंगाम बुडतो, हें भंडारा जिल्ह्यांतील धानकऱ्यास सांगावें लागत नाहीं. घोड्याच्या पाठीविषयीं मात्र तितकी जाण राहिलेली नाहीं. पूर्वीं मालगुजाराच्या दारीं तट्टू असे. बांध्या व तलावाची पाळ पाहणें त्यावरूनच होई. 1951 सालीं मालगुजारी गेली, पुढें मोटारसायकल आली, आणि घोडें बहुतेक वरातीपुरतें उरलें. ज्या थोड्या शेतकऱ्यांनीं तें अजून हौसेनें बाळगलें आहे, त्यांच्यासाठीं हें लिहीत आहों.

घोड्याचा कणा ओझें वाहण्यासाठीं नव्हे. भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर पडला पाहिजे व मधें मोकळी नाळ राहिली पाहिजे. खोगीर पाठीवर नुसतें ठेवून मागून पाहावें. नाळींतून उजेड दिसला पाहिजे. स्वार बसल्यावरहि मानेच्या मुळाशीं असलेल्या उंचवट्यावर दोन-तीन बोटें शिरलीं पाहिजेत. तीं न शिरल्यास पुष्कळ जण खालीं आणखी एक घोंगडी घालतात. हा उपाय फसवा आहे. अरुंद खोगिराखालीं जाडी वाढविली तर चाप अधिकच बसतो, जसा घट्ट जोड्यांत जाड मोजा. खोगिरांत चिंध्या कोंबण्याच्या रीतीवरून खोगीरभरती हा शब्द निघाला. ती भरती गोळा झाली कीं गांठ होते, आणि गांठीखालीं कातडी मरते. दर पावसाळ्यानंतर भरती उसवून, पिंजून, सारखी पसरून पुन्हा शिवून घ्यावी.

स्वारीपूर्वीं प्रथम खरारा. कन्हार जमिनीचा चिखल पोटाला वाळून बसतो व तंगाखालीं कानशीसारखा घासतो. खरारा झाल्यावर उघडा तळहात पाठीवरून व तंगाच्या जागेवरून फिरवावा. डोळ्यास न दिसणारी सूज किंवा ऊब हातास कळते. घोंगडीवरूनहि तसाच हात फिरवावा. हें आम्ही एका चुकीनें शिकलों. मळणीच्या दिवसांत कुंपणावर वाळत टाकलेली घोंगडी आम्ही नुसती झटकून घातली. रिकिबींत पाय देतांच घोडी पाठ उचलूं लागली. खोडी समजून तिला छडी मारली व तशीच दोन कोस नेली. खोगीर उतरविलें तेव्हां घोंगडींत एक कुसळ निघालें आणि पाठीवर रुपयाएवढी जखम. ती भरावयास महिना लागला. छडीची लाज अजून वाटते. घोड्यास धनुर्वात फार सहज जडतो, म्हणून अशी जखम किरकोळ मानूं नये, आणि पशुवैद्याकडून लस आधींच टोचून घ्यावी. जखमी जनावर कामास लावणें हा 1960 च्या कायद्यान्वयें गुन्हाहि आहे.

घोंगडी मानेकडे थोडी पुढें ठेवून मागें सरकवावी, म्हणजे केस आपल्या वळणानें बसतात. मागून पुढें कधींहि ओढूं नये. खोगीर खांद्याच्या हाडामागें राहावें, नाहींतर पाऊल मोकळें पडत नाहीं. घोंगडी बोटांनीं उचलून नाळींत वर घ्यावी; ती कण्यावर ताणलेली नसावी. तंग पुढच्या पायाच्या कोपरामागें चार बोटें सोडून, आणि एकदम न कसतां. तंग कसतांना पुष्कळ घोडीं छाती फुगवितात. दहा-वीस पावलें चालवून तो पुन्हा ओढावा. तंगाखालीं दोन बोटें सपाट शिरावींत. मग पुढचे पाय एकेक करून पुढें ओढावे, म्हणजे तंगाखालीं सुरकुतलेली कातडी सुटते. चढतांना ओट्याचा किंवा बांधाचा आधार घ्यावा. रिकिबीस लोंबकळून चढल्यानें खोगीर वाकडें होतें.

आमच्या मतें खरी परीक्षा उतरल्यावर होते. तंग सैल करून घोड्यास थोडें चालवावें, मग खोगीर काढून घाम पाहावा. दोन्ही बाजूंस तो सारखा असेल तर ठीक. ओल्या पाठीवर मधेंच कोरडा ठिपका दिसला तर तेथें इतका दाब पडला आहे कीं घामहि सुटला नाहीं. काळ्या वा तांबड्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके ही अशाच जुन्या दाबाची खूण असते. घोडें विकत घेतांना दांतांबरोबर हेंहि पाहावें. कोरडा ठिपका दुसऱ्या दिवशींहि त्याच जागीं आला, तर खोगीर मोच्याकडे द्यावें, आणि तें नीट होऊन येईपर्यंत घोड्यास हातीं धरून फिरवावें.