लेझीम आणि शेजारधर्म

स्नेहसंमेलन जवळ आले की आमच्या पटांगणावर हलगीच्या ठेक्यावर लेझीम खणखणू लागते. पाहणारांस वाटते, या खेळात सर्व महत्त्व तालाचे. ते आहेच, परंतु तालाच्याही आधी शिकावयाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे अंतर.

लेझीम हा शब्द फारसीतून आला. धनुर्विद्या शिकणारांचे सरावाचे नरम धनुष्य, हा त्याचा मूळ अर्थ. आखाड्यांतील जड लेझमीस लोखंडी साखळी असे. शाळेतील लेझीम लाकडी दांड्याची, साखळीत चकत्या ओवलेली व हलकी. तथापि तिचे कूळ हत्यारांचे, हे विसरू नये.

काही वर्षांमागे आम्हीच ते विसरलो. ओळी आखून न देता आम्ही हलगी सुरू करविली. लोकांस दिसावे म्हणून एक उंच मुलगा सरकत सरकत पुढे आला, आणि बैठकीतून उठताना त्याच्या लेझमीचा दांडा शेजारच्या लहानग्याच्या भुवईवर बसला. जखम आठवड्यात भरली. पण त्या लहानग्याने पुन्हा लेझीम हाती धरली नाही. दोष त्या उंच मुलाचा थोडा, आमचा अधिक.

तेव्हापासून आम्ही नियम पाळतो. दोन्ही हात पसरले असता शेजाऱ्याच्या बोटांस बोटे लागू नयेत. मागच्याने पुढील दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेसमोर उभे राहावे. उशिरा येणाराने गुरुजींची परवानगी घेऊन मागून यावे. ओळींमधून धावू नये. पाऊल चुकल्यास जागेवरच ठेका धरून पुढच्या आवर्तनात मिळावे. शेजाऱ्याची चूक दाखविणे हे गुरुजींचे काम.

असे नियम दूरदेशीही आहेत. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने १६६१ साली पॅरिस येथे नृत्याची अकादमी स्थापिली. तिकडील बॅले नृत्याच्या वर्गांतून मागची ओळ पुढे व पुढची मागे, अशी अदलाबदल करण्याची रीत आढळते. शेवटी सर्वजण शिक्षकास व वाद्य वाजविणारास नमन करतात. या दोन्ही रीती आम्ही आनंदाने उचलल्या आहेत.

म्हणून पालकांस विनंती की, संमेलनात आपला मुलगा मागच्या ओळीत दिसला तर खंत करू नये. घरी आल्यावर "तू पुढे का नव्हतास?" असे न विचारता, "तुझ्या शेजाऱ्यास हात पसरावयास जागा होती ना?" असे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर त्यास देता आले, तर लेझमीचा पहिला धडा त्यास आला असे समजावे.