सुंभ, लोकर आणि दुहेरी धागा

भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राच्या बागेवरून जाणाऱ्या आपणां रत्नागिरीकरांस नारळाचें सोडण अपरिचित नाहीं. तें खाऱ्या पाण्यांत कित्येक महिने मुरवून बडवलें कीं भुसा गळतो आणि काथ्या हातीं येतो. जें पाणी इतकें सारें कुजवितें, तें काथ्यासच कां सोडतें, असा प्रश्न आपणांस कधीं पडला आहे काय?

काथ्याचा तंतु एका द्रव्याचा नाहीं. सेल्युलोज त्यास ताण सोसण्याचें बळ देतें. लिग्निन त्याभोवतीं चुन्यासारखें बसून जंतूंस सहसा दाद देत नाहीं. तंतूंना जोडणारें पेक्टिन मात्र जंतु खाऊन टाकतात, म्हणून तंतु सुटे होतात. हीं तिन्ही द्रव्यें लहान रेणु एकमेकांस जोडले जाऊन बनतात; अशा द्रव्यांस पॉलिमर म्हणतात.

लोकरीची तऱ्हा निराळी. कुरळ्या लोकरीच्या केसाच्या दोन बाजूंची घडण भिन्न असते, हें १९५३ सालीं होरिओ व कोंडो या जपानी संशोधकांनीं दाखविलें. सुंभाचा पीळ माणसाच्या हातचा, लोकरीचा उपजत.

हीच युक्ति पुढें मनुष्यानें उचलली. शेवेच्या सोऱ्यांत दोन रंगांचें पीठ शेजारीं शेजारीं भरलें तर शेव दुरंगी पडेल. कारखान्यांत वितळलेलीं दोन पॉलिमरें अशींच एका सूक्ष्म छिद्रांतून काढतात. शेजारीं शेजारीं ठेवल्यास उष्णतेनें एक अधिक आखडतें व धागा कुरळा होतो. एकाभोवतीं दुसरें गुंडाळल्यास लाभ याहून मोठा. आंत पॉलिएस्टर, वितळावयास सुमारें २६० अंश सेल्सिअस. बाहेर पॉलिथीन, सुमारें १३० अंश. मधल्या उष्णतेंत कवच वितळून धागे एकमेकांस चिकटतात, गाभा शाबूत राहतो. ना ताणा, ना बाणा, आणि कापड तयार! तान्ह्या मुलांचे एकदांच वापरावयाचे लंगोट व हवा गाळण्याचीं फडकीं यांत असे धागे असतात. जपानांत मियोशी ओकामोतो यांनीं १९७० सालीं एका पॉलिमरांत दुसऱ्याचे पुष्कळ बारीक तंतु बसविले व बाहेरचें द्रव्य विरघळवून मृगाजिनासारखें मऊ कापड काढलें.

अडचण पुढची आहे. इतकीं जवळ बसलेलीं पॉलिमरें वापरानंतर निराळीं करणें फार कठीण. एकत्र वितळवावीं तर भेसळ होते. असा धागा समुद्रकिनारीं वाहून आला कीं उन्हानें व लाटांनीं झिजून त्याचे बारीक कण होतात, आणि ते वाळूंत वर्षानुवर्षें राहतात. जुनें सुंभ मात्र माडाच्या आळ्यांत टाकलें तरी चालतें. लिग्निन खाणारी बुरशी रानांत आहे; तिला वेळ लागतो, पण अखेरीस सुंभाची माती होते.